मोजता येईल तोच नियम

अमेरिकेतल्या दक्षिण इंडियानात जुलै महिना काउंटी फेअरचा. शाळकरी पोरांनी वाढवलेली वासरं-डुकरं, आकाशपाळणे, तळणाच्या गाड्या, आणि रात्री ग्रँडस्टँडसमोरच्या मातीत ट्रक पुलिंग. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रकच्या मागे एक लांबलचक लोखंडी स्लेड जोडतात. तिला मागे चाकं असतात आणि पुढे जमिनीवर घासत जाणारा सपाट जाड पत्रा. वर वजनाची पेटी असते. सुरुवातीला पेटी मागच्या चाकांवर असते, त्यामुळे स्लेड सहज हलते. ती पुढे जाऊ लागली की तिच्याच चाकांच्या फिरण्यानं, गिअरमधून, पेटी पुढे सरकत जाते. भार चाकांवरून पत्र्यावर येतो, पत्रा मातीत दबतो आणि ट्रक कुठेतरी थांबतो. जितके फूट गेला तितके गुण. ३०० फूट पार केले तर ‘फुल पुल’.

मी कोलंबस गावात राहतो. कमिन्स इंजिनांचं मूळ घर हेच. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली तेव्हापासून या दोन गावांचं नातं आहे, आणि त्या नात्यानं इथे आलेल्यांपैकी मी एक. डिझेल इंजिन हा माझ्या पोटापाण्याचा विषय, म्हणून जवळच्या एका फेअरच्या समितीनं रस्त्यावरच्या डिझेल पिकअपच्या वर्गाचे नियम लिहिण्याच्या कामात मला ओढलं. पुढे जे सांगतोय ते त्या कामातून हाती आलेलं आहे. दुसरीकडे कोणी असा वर्ग सुरू करत असेल, तर त्याला उपयोग व्हावा.

१. वर्ग कोणासाठी आहे ते नियमपत्रिकेच्या पहिल्या ओळीत लिहा.

आमची पहिली ओळ अशी आहे: ‘जो ट्रक सोमवारी सकाळी कामावर जाणार आहे, त्याच्यासाठी हा वर्ग.’ बाकीचे सगळे नियम या ओळीतून निघतात. नंबरप्लेट चालू हवी, विमा हवा, दिवे, हॉर्न, वायपर चालायला हवेत, आतल्या सीटा जागेवर हव्यात, आणि ट्रक मैदानात स्वतःच्या चाकांवर आला पाहिजे, ट्रेलरवर चढून नाही. ट्रेलरची ही अट सगळ्यात उपयोगी ठरली. स्पर्धेसाठीच बांधलेला ट्रक तीस मैल हायवेवरून चालवत आणायचा आणि खेच झाल्यावर तसाच चालवत घरी न्यायचा म्हटलं, की त्याचा मालक आपोआप वरच्या वर्गात नाव घालतो.

ही ओळ नसेल तर वर्ग हळूहळू सरकतो. दर वर्षी कोणीतरी थोडा जास्त खर्च करतो, पुढच्या वर्षी इतरांना तो करावा लागतो, आणि चार-पाच हंगामांत गुरांचा ट्रेलर ओढणारा शेतकरी कठड्यापलीकडे जाऊन बसतो. वर्गाचं नाव तेवढं ‘स्ट्रीट’ राहतं.

२. जे मैदानावर मोजता येत नाही, त्याच्यावर मर्यादा घालू नका.

माझं सगळ्यात ठाम मत हे आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

नवीन समितीत पहिली सूचना हमखास येते: ‘पाचशे हॉर्सपॉवरची मर्यादा घाला.’ ऐकायला रास्त वाटते. पण मोजणार कसं? फेअरच्या मैदानात डायनो, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र, नसतं. असलं तरी आजच्या ट्रकच्या संगणकात पाच वेगवेगळी ट्यूनिंग भरून ठेवता येतात आणि डॅशबोर्डवरचं एक बटण फिरवून ती बदलता येतात. तपासणीला एक, मातीत दुसरं. ‘फक्त कंपनीचं ट्यूनिंग’ या नियमाचंही तेच होतं. असा नियम पाळतो तो प्रामाणिक माणूस, आणि हरतोही तोच. वाईट नियमाची याहून मोठी खूण मला माहीत नाही.

मग ताकदीला आवर कसा घालायचा? डिझेल इंजिनाच्या स्वभावातच त्याचं उत्तर आहे. पेट्रोल इंजिनात हवा अडवून ताकद कमी-जास्त करतात, डिझेलमध्ये इंधन कमी-जास्त करून. इंधन तुम्ही हवं तितकं ओतू शकता, पण ते जाळायला हवा लागते. हवा पुरली नाही तर उरलेल्या इंधनाचा काळा धूर होतो आणि एक्झॉस्टचं तापमान पिस्टन वितळेल इतकं चढतं. म्हणजे हवेचं दार लहान ठेवलं, की पंप, इंजेक्टर, ट्यूनिंग कोणाचं काय आहे याची चौकशी करायची फारशी गरज उरत नाही.

हे दार म्हणजे टर्बोचं तोंड. कॉम्प्रेसरचं चाक जिथून हवा आत घेतं तिथला व्यास. डिझेल पुलिंगमध्ये वर्गांची नावंच या मापावरून पडलेली आहेत: अडीच इंच, २.६ इंच, तीन इंच. आम्ही अडीच इंच धरलं, म्हणजे ६३.५ मिलिमीटर. पुण्याच्या कुठल्याही कारखान्यात गो–नो गो गेज वापरलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. खरादावर कातलेला, मर्यादेपेक्षा केसभर मोठा एक गोळा टर्बोच्या तोंडाशी धरायचा. आत गेला तर ट्रक बाहेर. वाद घालायला जागाच नाही.

यात दोन चोरवाटा आहेत, त्या लिहूनच बंद कराव्या लागतात. पहिली अशी: मोठा टर्बो बसवून त्याच्या तोंडापुढे अडीच इंची कडी लावायची. माप बरोबर येतं, पण आतलं चाक मोठं. म्हणून चाकाची पाती त्या अडीच इंची भोकात निदान १/८ इंच शिरलेली हवीत, असा नियम लिहितात. मोठं चाक त्यात शिरूच शकत नाही. दुसरी वाट टर्बोच्या तोंडालगतच्या गोल खाचेची. मूळ उद्देश टर्बोचा कामाचा पल्ला वाढवण्याचा, पण जोरात चालताना तिच्यातून जादा हवा आत येते. आम्ही नव्यानं बसवलेल्या टर्बोला गुळगुळीत भोक सक्तीचं केलं. कंपनीनं दिलेला मूळ टर्बो असेल तर खाच चालते.

नायट्रस आणि प्रोपेनवर पूर्ण बंदी, नुसती बाटली बंद ठेवून चालत नाही. बाटली, नळी, बसवायची पट्टी यांतलं काहीही ट्रकवर दिसलं तर नाव खोडलं जातं. ‘ती आज वापरणार नाही’ हे वाक्य मोजता येत नाही.

३. गेज लपवून ठेवू नका.

सकाळी नावनोंदणी सुरू होते तेव्हापासून ते टेबलावर पडलेलं असतं. शेजारी हिच, म्हणजे ट्रकमागची स्लेड अडकवायची जोडणी, मोजायची पट्टी. ज्याला आपला ट्रक आधी तपासून बघायचा आहे त्यानं खुशाल बघावा. सापळा लावून माणूस पकडण्यात समितीला काय मिळणार? आम्हाला ट्रक धावायला हवे आहेत.

४. तीन कंपन्यांना समान करण्याच्या फंदात पडू नका.

इथे माणसं धर्म बदलतील, ट्रकची कंपनी बदलणार नाहीत. डॉज-रॅममध्ये कमिन्सचं सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन, शेवरोले-जीएमसीत २००१ पासूनचं ड्युरामॅक्स व्ही-८, फोर्डमध्ये पॉवरस्ट्रोक व्ही-८. प्रत्येकाला वाटतं की नियम दुसऱ्याच्या बाजूनं आहेत. समितीत माझं नाव आलं तेव्हा कोलंबसचा माणूस कमिन्सकडे झुकणार, असं दोघा-तिघांनी तोंडावर सांगितलं. त्यांची शंका रास्त होती. तिचं उत्तर मी बोलून देऊ शकत नव्हतो, नियम सगळ्यांना सारखाच लावून देऊ शकत होतो.

अमुक इंजिनाला दोनशे पौंड जास्त, तमुकला मोठा टर्बो, अशी सूट-सवलत एकदा सुरू झाली की थांबत नाही. तरी कारखान्यातून आलेल्या फरकाची दखल घ्यावी लागते. फोर्डच्या २००८ ते २०१० च्या ६.४ लिटर इंजिनाला कंपनीनंच दोन टर्बो दिलेले आहेत. ‘एकच टर्बो’ असं सरसकट लिहिलं, तर काहीही न बदललेला ट्रक बाद होतो. हे कसं चालेल? म्हणून आमचा मजकूर असा आहे: कंपनीनं दिलं तसंच, किंवा अडीच इंची एक. दोन्हींतलं एक निवडा.

वजनाचंही तसंच. चार दारांचा, मोठ्या केबिनचा डिझेल पिकअप चालकासकट सहज आठ हजार पौंडांच्या आसपास जातो. आठ हजारांची मर्यादा घातली तर लोक मागचा बंपर, स्टेपनी, कधी मागची सीटसुद्धा काढून ठेवतात, आणि पहिली ओळ तिथेच मोडते. आम्ही ८५०० पौंड ठेवले, म्हणजे सुमारे ३८५५ किलो. पुढे लटकवायची वजनं बंद. हौद्यात वजन ठेवायचं तर ते बोल्टनं आवळलेलं हवं.

५. भांडणं टर्बोवर होतील असं वाटतं. खरी होतात ती हिचवर.

स्लेडचा हुक ट्रकला जिथे अडकतो, त्या जागेची जमिनीपासूनची उंची आणि मागच्या अॅक्सलपासूनचं अंतर या दोन आकड्यांत निम्मी स्पर्धा असते. साखळी ट्रककडून स्लेडकडे खाली उतरत जाते. म्हणून स्लेडचा ओढा नुसता मागे नसतो, थोडा खालीही असतो, आणि तो खालचा ओढा टायर मातीत दाबतो. हिच जितकी उंच, तितका हा दाब जास्त. पण त्याच उंचीमुळे ट्रकचं नाक उचललं जातं, आणि चारही चाकं ओढणाऱ्या ट्रकचं नाक उचललं की पुढची दोन चाकं फुकट फिरतात. हिच अॅक्सलच्या जवळ आणली तर नाक कमी उचलतं आणि दाब मात्र मिळतो. म्हणून प्रत्येकाला हिच उंच हवी असते, आणि जवळही. कमाल उंची २६ इंच आणि अॅक्सलच्या मध्यापासून किमान ४४ इंच अंतर, हे आकडे अनेक ठिकाणी चालतात. आम्ही तेच घेतले.

आकडे लिहिणं सोपं. माप कधी आणि कसं घ्यायचं हे लिहिलं नाही, तर ते कागदावरच राहतात. सकाळी तपासणीला टायरमध्ये हवा कमी ठेवायची, माप झालं की भरायची. हिच वर चढते. किंवा तपासणीच्या वेळी हौद्यात सामान, नंतर ते गायब. म्हणून आम्ही माप हुक लावायच्या आधी, मातीच्या तोंडाशी, चालक आत बसलेला असताना घेतो. पहिल्या तिघांची खेच संपल्यावर पुन्हा. उंची स्लेडचा हुक प्रत्यक्ष जिथे टेकतो तिथून मोजायची, हिचच्या पट्टीच्या खालच्या कडेवरून नाही, हेही शब्दांत हवं.

स्प्रिंगचा प्रश्न त्याहून कठीण. ओढ बसली की मागचा भाग खाली बसतो आणि हिच दोन-तीन इंच उतरते. काही जण स्प्रिंग आणि चासी यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालतात, मग ट्रक बसतच नाही, २६ चे २६ इंच कायम. वरच्या वर्गांत हे सर्रास चालतं. आमच्याकडे बराच काळ मतभेद होते. शेवटी समितीतल्या एका वयस्क शेतकऱ्यानं विचारलं, ‘ठोकळे घालून हा ट्रक घरापर्यंत चालवेल का कोणी?’ कोणीच हो म्हणेना. ठोकळे बंद झाले. अॅक्सल पिळला जाऊ नये म्हणून लावायच्या ट्रॅक्शन बारना परवानगी राहिली, कारण त्या लावून लोक वर्षभर रस्त्यावर फिरतात.

हिचची कडी किमान ३ बाय ३.७५ इंचांची, पक्की आणि न हलणारी हवी. ही अट सोयीची आहे आणि जिवाचीही. तुटलेली हिच साखळीच्या टोकाशी काय करते ते बघायची वेळ कोणावर येऊ नये.

६. सुरक्षेवर मतदान घेऊ नका.

हेल्मेट, सीटबेल्ट, हाताशी अग्निशामक, शेजारी कोणी बसणार नाही, लाल झेंडा दिसताच पाय उचलायचा, ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यांभोवती संरक्षक पट्टी. पूर्ण जोरात सांधा तुटला तर शाफ्ट चाबकासारखा फिरतो. यातली कुठलीही गोष्ट ‘गरिबाला परवडत नाही’ म्हणून सोडायची नाही. हेल्मेट नसेल त्याला समितीनं द्यावं. आम्ही देतो.

७. स्लेड आणि माती यांनाही नियम लावा.

लोक ट्रक तपासण्यात रात्र घालवतात आणि स्लेडकडे बघतही नाहीत. या खेळाचा इतिहास मात्र स्लेडपासूनच सुरू होतो. १९२९ च्या सुमाराला मिसुरी आणि ओहायोत ट्रॅक्टरच्या पहिल्या शर्यती झाल्या. पुढे बरीच वर्षं वाटेच्या कडेला माणसं उभी असत आणि स्लेड समोर आली की एकेक जण तिच्यावर चढे, तसा भार वाढे. कोण जाड, कोण बारीक, कोणाचा पाय उशिरा पडला, यावर निकाल फिरणार हे उघड आहे. शिवाय गावोगावचे नियम वेगळे. १९६९ साली आठ राज्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना काढली, ती सगळीकडे एकच नियम असावेत म्हणून. आजची आपोआप भार वाढवणारी स्लेडही त्याच गरजेतून आली.

पण यंत्र आलं म्हणून प्रश्न मिटला असं नाही. पेटी कुठून सुरू करायची, कोणत्या गिअरमध्ये चालवायची, किती वजन भरायचं हे स्लेडचालक ठरवतो. आमचा नियम: वर्गातला पहिला ट्रक ओढून झाला की एकदाच बदल करायची मुभा. त्या पहिल्या चालकाला आपलं अंतर ठेवायचं की पुन्हा ओढायचं हे निवडता येतं, आणि पुन्हा ओढायचं तर किती ट्रकनंतर, हेही ठरलेलं असतं. त्यानंतर वर्ग संपेपर्यंत स्लेडला हात नाही. बऱ्याच जणांनी ३०० फूट पार केले, तर तेवढ्यांचीच दुसरी फेरी, स्लेड जड करून. स्लेडचालकाचा भाऊ, मुलगा, जावई त्या वर्गात असेल तर त्या वर्गापुरता दुसरा माणूस बसतो.

आणि माती. चिकणमाती पाणी मारून दाबलेली असते, पण जुलैच्या उन्हात ती तासाभरात बदलते. सुरुवातीच्या ट्रकना ओल, शेवटच्यांना भुगा. दर ट्रकनंतर रोलर फिरवला तरी फरक पूर्ण जात नाही. म्हणून क्रम चिठ्ठ्या टाकूनच लावायचा, आपल्याकडे बैलगाडा शर्यतींच्या घाटावर लावतात तसा. ‘मी लांबून आलोय, मला शेवटी घ्या’ असली विनंती कितीही गोड असली तरी ऐकायची नाही.

८. धुराबद्दल गप्प बसू नका.

हा विषय आमच्या बैठकीत निघाला की आवाज चढतात. २००७ पासूनच्या डिझेल पिकअपना एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर येतो. तो काढून टाकणं केंद्राच्या कायद्यानं बेकायदा आहे, तरी लोक काढतात. दशकभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषणरोधक साधनं निकामी केली गेली, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २०२० साली मांडला होता. आमच्या काउंटीत धुराची तपासणी होत नाही. इंडियानात ती फक्त वरच्या टोकाच्या लेक आणि पोर्टर या दोन काउंट्यांत होते. म्हणजे पकडणारं कोणी नाही.

पर्यावरणाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, पण बैठकीत मी तो मांडला नाही. मी न्यायाचा मुद्दा मांडला. नियम याबाबत गप्प राहिला, तर ज्यानं फिल्टर काढला तो जिंकणार, आणि ज्याला कायदा पाळायचा आहे त्याला आपण सांगणार की तूही काढ, नाहीतर हर. ‘स्ट्रीट’ नावाच्या वर्गानं माणसाला रस्त्यावर बेकायदा ठरणारा ट्रक बनवायला भाग पाडू नये. विरोध करणाऱ्यांनी माझाच दुसरा नियम माझ्यापुढे धरला: मोजणार कसं? डबा बाहेरून जागेवर आणि आतून पोकळ, असं करणारे आहेतच. प्रश्न बरोबर होता. उत्तर एका मेकॅनिकनं दिलं. फिल्टर चालू असेल तर मागच्या नळीच्या आत काजळी साठतच नाही. पांढरं फडकं बोटाला गुंडाळून नळीत फिरवा. फडकं काळंकुट्ट झालं, की फिल्टर काम करत नाही. आता गेज आणि पट्टीच्या शेजारी फडक्यांची चळतही असते. २००७ च्या आधीचे ट्रक जसे आले तसे चालतात.

या नियमानं आमच्याकडचे काही चांगले चालक गेले. मला त्याचं वाईट वाटतं, तरी नियम राहावा असं मी दर वर्षी सांगतो.

९. तक्रारीला शुल्क ठेवा, पण परवडेल असं.

शंभर डॉलर रोख, निकाल लागल्यावर अर्ध्या तासाच्या आत, लेखी, आणि नेमक्या एका गोष्टीबद्दल. तक्रार खरी ठरली तर पैसे परत. खोटी ठरली तर ज्याच्यावर आरोप केला त्याला, कारण टर्बो उघडण्याचा त्रास त्यानं सोसलेला असतो. समितीच्या खिशात एक पैसा जात नाही. तपासणारा माणूस त्या वर्गात स्पर्धक नसावा, आणि पहिले तीन ट्रक तक्रार असो-नसो तपासलेच जावेत. रोजची तपासणी झाली की ती कोणाला अपमान वाटत नाही.

१०. हंगामात नियम बदलू नका.

बदल नोव्हेंबरच्या बैठकीत, छापील पत्रिका जानेवारीत, नंतर ऑगस्टपर्यंत शब्दालाही हात नाही. कोणीतरी हिवाळ्यात पगारातून बाजूला काढलेल्या पैशांनी टर्बो घेतलेला असतो. मे महिन्यात तुम्ही माप बदललं तर तो माणूस पुन्हा येणार नाही, आणि का येत नाही हे सांगायलाही येणार नाही. सुरक्षेचा बदल याला अपवाद.

११. बक्षिसाची रक्कम खालपर्यंत पोहोचवा.

सगळा पैसा पहिल्या नंबराला दिला, की खर्च करून जिंकणं फायद्याचं ठरतं. आम्ही पहिल्या आणि पाचव्या बक्षिसातलं अंतर मुद्दाम कमी ठेवलं आहे, आणि जो ट्रक नियमात बसून स्लेडला हुक लावतो त्याला डिझेलपुरते पैसे मिळतातच, मग तो पन्नास फुटांवर थांबला तरी. वर्ग अशाच लोकांमुळे भरतो. नियमांचं काम अजून संपलेलं नाही; येत्या नोव्हेंबरात टायरचा विषय घ्यायचा आहे. रस्त्यावर चालणारा, न कापलेला, ३५ इंचांपर्यंतचा टायर चालतो असं सध्या लिहिलेलं आहे, पण झिजलेल्या टायरच्या नक्षीला धार काढलेली कशी ओळखायची, यावर अजून कोणाला खात्रीची युक्ती सुचलेली नाही. ती सुचेपर्यंत मी अशा धारेवर बंदी घालणाऱ्या नियमाच्या बाजूनं मत देणार नाही.